जुनी गाडी घरी कशी सांभाळावी: काय स्वतः करावे, काय गॅरेजवर सोपवावे

दहा-पंधरा वर्षे जुनी सेकंड हँड गाडी घेताना बहुतेक लोक बाहेरचा रंग, टायर आणि किलोमीटरचा आकडा पाहतात. गाडी घरी आल्यावर खरी अडचण कळते. आधीच्या मालकाने काय बदलले आणि काय तसेच ठेवले, याचा पत्ता नसतो. इंजिनातले लोखंड झिजायला पुष्कळ वर्षे लागतात, पण रबर, ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांचे आयुष्य त्याच्या कितीतरी आधी संपते. जुन्या गाडीचे मोठे खर्च बहुधा याच स्वस्त वस्तूंपासून सुरू होतात. काही शे रुपयांचा होज पाईप फुटतो, गाडी तापते आणि इंजिन खोलावे लागते.

या लेखात उदाहरण म्हणून मारुती अल्टोची ७९६ सीसी, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली आहे. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० च्याच घराण्यातले हे इंजिन. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, बॉनेटखाली हात घालायला जागा असते आणि इलेक्ट्रॉनिक्स कमी असल्याने शिकायला ही गाडी उत्तम. वॅगन आर, सँट्रो, झेन, इंडिका अशी दुसरी कोणती गाडी असेल तर बारकावे बदलतील, तत्त्वे तीच राहतील.

आधी वही, मग पाना

गाडीची एक वही करा. पहिल्या पानावर आजचे किलोमीटर लिहा आणि खाली पुढील गोष्टी शेवटच्या केव्हा बदलल्या ते: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, टायमिंग बेल्ट, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, बॅटरी. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही, ते बदललेले नाही असे समजून चालावे. जुना मालक 'सगळे केलेले आहे' म्हणाला असेल, तरी बिल नसेल तर वहीत जागा रिकामीच ठेवावी. गाडीचे ओनर्स मॅन्युअल नसेल तर ते मिळवा. कोणते ऑइल, किती लिटर, टायरमध्ये किती हवा, याची उत्तरे त्यातच असतात.

या यादीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्हची उघडझाप आणि खालच्या पिस्टनची हालचाल यांचा मेळ हा दातेरी रबरी पट्टा राखतो. तो तुटला की इंजिन त्या क्षणी बंद पडते, आणि अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. गाडी कमी चालली तरी वर्षांनुसार रबर कडक होतेच. अल्टो ७९६ सीसी आणि जुनी १०६१ सीसी वॅगन आर यांत बेल्ट आहे, तर अल्टो के१० च्या ९९८ सीसी इंजिनात साखळी आहे, ती अशी ठरावीक मुदतीने बदलावी लागत नाही. हे काम घरी करू नये. एक दात इकडचा तिकडे झाला तरी इंजिन नीट चालत नाही. गॅरेजला देताना बेल्टबरोबर टेन्शनर आणि त्या बाजूचे ऑइल सीलही बदलायला सांगा, कारण तिथवर पोचण्याची मजुरी एकदाच द्यायची असते.

गाडी का तापते

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. चढावर इंजिनावर भार जास्त, वेग कमी, म्हणून रेडिएटरला समोरून मिळणारी हवा कमी. निरोगी गाडी हा घाट सहज चढते. ज्या अडकतात त्यांच्या कूलिंगमध्ये आधीपासूनच काहीतरी बिघडलेले असते.

सगळ्यात सर्रास कारण म्हणजे साधे पाणी. कूलंट महाग वाटतो म्हणून वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले जाते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि लोखंडी भाग आतून गंजतात. कूलंटचे काम फक्त थंड करणे हे नव्हे, तर गंज रोखणे आणि उकळण्याचा बिंदू वर नेणे हेही आहे. या बिंदूला रेडिएटरचे झाकणही हातभार लावते. ते आतला दाब टिकवून धरते, आणि दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याच्या बऱ्याच वर उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. गाडी तापण्याच्या तक्रारीत आधी झाकण बदलून पाहावे, तो सर्वांत स्वस्त भाग आहे.

दुसरे कारण आपल्याकडचे खास आहे. गाडी तापते म्हटल्यावर काही मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. काही दिवस गाडी थंड चालते, मालक खूश होतो. पण इंजिन नीट गरम होण्यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो. तो नसला की इंजिन गार राहते, पेट्रोल जास्त खाते, ऑइल लवकर खराब होते, आणि तापण्याचे मूळ कारण तसेच आत राहते. जुनी गाडी घेतल्यावर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे विचारून घ्यावे. सकाळी बराच वेळ गाडी चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच राहत असेल तर बहुधा तो काढलेला आहे.

घरी करण्याची तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहा. पाणी तांबूस, गढूळ असेल तर कूलिंग धुवायला झाले आहे. होज पाईप बोटांनी दाबा: चांगला पाईप लवचिक लागतो, फार मऊ, फुगलेला किंवा वाळल्या लाकडासारखा कडक लागला, अथवा टोकाला क्लॅम्पजवळ भेगा दिसल्या, तर बदला. मग इंजिन चालू करून, एसी बंद ठेवून, गाडी उभी राहू द्या. काटा मधोमध पोचण्याच्या सुमारास रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. एसी लावल्यावर पंख्याचा आवाज येतो म्हणून निश्चिंत होऊ नका, काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा असतो.

कूलंट बदलणे घरी जमण्यासारखे आहे. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून जुने पाणी बादलीत काढा. हीटरचा लिव्हर गरमकडे ठेवून डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागेल. शेवटी तयार मिश्रणाचा कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट असेल तर त्यात तेवढेच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. भरताना झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करा, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते. हवा आत राहिली तर नवा कूलंट भरूनही गाडी तापते. हिरवा, निळा, लाल हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले असतात, रंग जुळला म्हणून दोन कूलंट मिसळू नयेत. काढलेला कूलंट उघडा ठेवू नका. त्याला गोडसर चव असते आणि तो विषारी असतो. कुत्री-मांजरे चाटतात.

वाटेत काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा (इंजिनाची उष्णता गाडीत येते, त्रास होतो, पण इंजिन वाचू शकते), आणि सुरक्षित जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण उघडायची घाई करू नका. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर आले तर चेहरा आणि हात भाजतात. निदान तासभर थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हा तर अॅल्युमिनियमचे हेड तडकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळ जुन्या चालकांनाही माहीत नसते: सगळे कूलंट गळून गेले असेल तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. वर गेलेला काटा अचानक खाली आला, पण इंजिनाची ताकद कमी झालेली आहे आणि गरम वास येतो आहे, अशा वेळी गाडी चालवत राहिलात तर हेड वाकते.

गाडीखाली जाण्यापूर्वी

डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. विटांवर तर मुळीच नाही, वीट आधी काही न दाखवता एकदम फुटते. लोखंडी जॅक स्टँडची जोडी विकत घ्या आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. जमीन सपाट आणि टणक हवी. मातीचे अंगण पावसाळ्यात चालत नाही.

गिअर आणि हँडब्रेक यांवर लोकांचा विश्वास थोडा जास्तच असतो. अल्टोसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. पुढचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे गिअर गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार जुन्या हँडब्रेकच्या केबलवर येतो. मागची बाजू उचलली तर हँडब्रेकचा उपयोग संपतो. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावणे हा नियम पाळायचाच.

इंजिन ऑइल

दर आठवड्याला गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईट. क्रँकशाफ्ट ऑइलात फिरून फेस होतो आणि सीलवर दाब येतो. काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल असे नसते, ते काजळी धरून ठेवते म्हणून काळे दिसते. घाबरायचे ते दुधाळ, चहासारख्या रंगाला. डिपस्टिकवर तसे दिसले तर कूलंट ऑइलात मिसळते आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले आहे, आणि गाडी चालवू नये. मात्र पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली थोडा पिवळट साय दिसते, ती दमटपणाची असते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर एक लांब फेरी मारल्यावर ती जाते.

सायलेन्सरचा धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि इंजिन गरम झाल्यावरही येत राहणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे.

ऑइल बदलणे घरी शिकायला योग्य काम आहे. जुन्या मारुतींत वर्षानुवर्षे २०डब्ल्यू-४० ऑइल चालत आले आहे, पण निर्णय मॅन्युअल पाहूनच करा. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट काढून ऑइल निथळू द्या, नव्या वॉशरसह बोल्ट बसवा, नव्या फिल्टरच्या रबरी कडेला ऑइलचे बोट फिरवून तो हाताने आवळा, पान्याने नव्हे. बोल्ट जीव खाऊन आवळल्याने आटे जातात, आणि एकदा आटे गेले की ते दुरुस्त करायला गॅरेजच गाठावे लागते. जुने ऑइल गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. कायद्याने तो धोकादायक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

ब्रेक: बघायचे घरी, खोलायचे गॅरेजवर

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेशी ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोलीसारखा लांब उतार सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला की ब्रेक तापतात. जुने ऑइल उकळले तर पाईपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणूनच ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते, मग ते दिसायला कितीही ठीक असो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणे हा दुसरा उपाय.

घरी एवढे तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा आणि मग दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. पेडल दाबलेलेच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का पाहा. टाकीतले ब्रेक ऑइल कमी झाले असेल तर नुसते भरून विषय संपवू नका, पॅड झिजल्यानेही पातळी उतरते, आणि गळतीमुळेही. पुढच्या पॅडची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली की बदलायला द्या. मागच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. आणि या टाकीत इंजिन ऑइल चुकूनही पडता कामा नये, सगळी रबरी सील फुगून निकामी होतात.

बॅटरी आणि वायरिंग

एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ हवी, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले तर आल्टरनेटर चार्ज करतो आहे. चालू इंजिनावरही १२.५ च दिसत असेल तर नवी बॅटरी आणून उपयोग नाही, ती पण उतरेल. आधी आल्टरनेटरचा बेल्ट ढिला आहे का बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

जुन्या गाडीत फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडते. ती काढून त्याच अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज पुन्हा उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे, आणि तारेने तो दोष आगीपर्यंत जातो. मूळ ६०/५५ वॅटच्या जागी जास्त वॅटचे हेडलाइट बल्ब लावल्यानेही जुने कनेक्टर वितळतात. उजेड कमी वाटत असेल तर बहुतेक वेळा काचेवरचा पिवळेपणा किंवा खराब अर्थिंग हे कारण असते.

पावसाळ्याआधी

पुढच्या काचेच्या खाली जिथे वायपर असतात, तिथल्या जाळीत पाने साचतात आणि पाणी आत केबिनमध्ये उतरते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती तारेने मोकळी करा. पायाखालचे मॅट उचलून पत्रा ओला तर नाही ना पाहा; कोकण किनाऱ्यावरच्या गाड्या इथूनच कुजायला लागतात. टायरवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलेले असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाचा खोल असल्या तरी रबराला भेगा असतील तर असा टायर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसासाठी त्याआधीच बदललेला बरा. बॉनेट दर चार दिवसांनी उघडत जा, पावसात उंदीर उबेला येतात आणि वायरी कुरतडतात.

पुराचे पाणी इंजिनापर्यंत चढले असेल तर चावी फिरवूच नका. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या.

पेट्रोलची बाजू

पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे इंधनाशी संबंधित भाग त्यासाठी बनवलेले आहेत, जुन्यांचे नाहीत. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाईप वर्षातून एकदा डोळ्यांनी तपासावेत, आणि इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे. हे पाईप स्वतः सोडवू नका. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद असतानाही आत दाब असतो.

किती खर्च करावा

महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरण जवळ आले की इंजिनापेक्षा पत्र्याकडे आधी बघा. गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे आधार, सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा आणि दोन्ही बाजूंचे लांब बीम स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहायला सांगा. टेलपीस, दरवाजा, मडगार्ड गंजले तर बदलता येतात. पण या तीन जागी स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर टायमिंग बेल्ट, क्लच किंवा टायर यांवर पैसे घालण्याआधीच थांबावे.